गुरुजींच्या सायकलला हिरवा स्टिकर

माझ्या बायकोला 'नाही' म्हणता येत नाही असं कुणी मला सांगितलं, तर मी त्याला चार दिवस आमच्या घरी मुक्कामाला बोलावीन. मला ती उठल्यापासून नाहीच म्हणत असते. दुसरा चहा? नाही. पिकअप धुवायला भावाकडे नेऊ का? नाही. सोतोचा रस्सा बरा झालाय का आज? नाही, मीठ जास्त पडलंय. पण तीच वुरी घराबाहेर पडते आणि समोर कुणी वयाने-मानाने मोठं माणूस येतं, तेव्हा तिची जीभ टाळ्याला चिकटते. मान खाली जाते, हात पुढे जुळतात आणि तोंडातून 'इंग्गिह, इंग्गिह' याशिवाय काही निघत नाही. होय जी, होय जी. जावातल्या या सालातिगात आम्ही सगळेच थोडेफार असे आहोत. वुरीला भीड जरा जास्त पडते, इतकंच.

तर अशा बाईच्या गळ्यात आमच्या मंडळाने सायकली तपासण्याचं काम मारलं.

मंडळ म्हणजे जुन्या डच सायकली पाळणाऱ्यांचं मंडळ. पाळणारे असंच म्हणायचं, कारण अर्धेअधिक सभासद सायकल चालवत नाहीत, नुसती पुसतात आणि तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. यंदा अध्यक्ष पाक रुस्मान (मोठ्या माणसाला आम्ही 'पाक' म्हणतो) यांच्या डोक्यात आलं की रावा पेनिंगच्या तळ्याकाठी चालता न येणाऱ्या मुलांचा जो आश्रम आहे, त्याच्या व्यायामाच्या खोलीसाठी सायकल फेरी काढायची. ज्याची सायकल तळ्यापर्यंत पोहोचेल, त्याच्या नावाने त्याच्या ओळखीपाळखीचे लोक देणगी देणार. कल्पना छान होती. फक्त मधे मुंचुलचा उतार होता. तो उतार पिकअपने उतरतानाही मी दुसऱ्या गिअरमधून वर जात नाही. गेल्या वर्षी कुठल्याशा दुसऱ्या गावची फेरी अशाच उतारावर आली आणि एकाच्या गळ्याचं हाड मोडलं. तेव्हा रुस्मान म्हणाले, आपल्याकडे आधी तपासणी. पास झालेल्या सायकलला हिरवा स्टिकर, नापास झालेलीला लाल. आणि वुरी सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणजे सुरक्षा हे तिचंच काम, असं त्यांनीच ठरवून टाकलं. वुरी म्हणाली, "इंग्गिह, पाक."

मात्र काम गळ्यात पडल्यावर ती ते मन लावून शिकली, हे खोटं नाही. सायकलच्या दुकानात जाऊन तिथल्या माणसाचं डोकं खाल्लं. पत्रक काढलं : हेल्मेट हवं, पंप हवा, सुटे भाग जवळ ठेवा, सैल कपडे चेनमध्ये अडकतील असे घालू नका. ब्रेक कसा बघायचा तेही शिकली. दांडा दाबून धरायचा आणि सायकल जोरात पुढे ढकलायची. चाक जागच्या जागी थिजलं पाहिजे. फिरलं तर ब्रेक नाही, दिसायला कितीही छान दिसो.

ते पत्रक गावात कुणी खरोखर वाचलं असेल तर विग्न्यो गुरुजींनी.

विग्न्यो गुरुजी आमच्या शाळेचे हेडमास्तर. मला आणि वुरीला दोघांनाही त्यांनी शिकवलं, आमच्या आधीच्यांना आणि नंतरच्यांनाही शिकवलं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण अजून बाजारात ते दिसले की भाजीवाल्या पाठ सरळ करून बसतात. साहजिकच देणग्या सगळ्यात जास्त त्यांच्या नावावर बोलल्या गेल्या होत्या. त्यांची सायकल त्यांच्या वडिलांची. सुरो महिन्यात, म्हणजे आमचं जावानी वर्ष सुरू होतं तेव्हा, लोक घरातले वाडवडिलांचे कट्यार-भाले फुलांच्या पाण्याने धुतात, तशी गुरुजी सायकल धुतात. आधी हात जोडतात, मग फडकं घेतात. त्या सायकलला बोट लावायचं म्हटलं तरी आम्ही चप्पल काढून ठेवू, असा सगळा मामला.

फेरी जाहीर झाली आणि गुरुजी रोज सकाळी सायकल घेऊन निघायला लागले. मी माझ्या सोतोच्या टपरीवर पातेल्याला जाळ लावत असायचो, तेव्हा घंटीचा टिणटिण आवाज यायचा. डोक्यावर पांढरं हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली एवढा आवळलेला की बोलताना गाल वर यायचे.

"मान, चहा दे. बिनसाखरेचा." मान हे माझं नाव.

"बिनसाखरेचा चहा म्हणजे औषध झालं, पाक."

"उतार उतरायचाय ना? वजन कमी हवं. बायकोच्या पत्रकात नाही लिहिलेलं ते, पण मी आपलं जोडून घेतलं." आणि मग हेल्मेटवर टकटक करून, "हे भांडं डोक्यावर घेतल्यापासून नातवंडं मला म्बाह सोडून अंतराळवीर म्हणतात."

मला त्यांचं हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं. या वयात माणूस एवढा आनंदाने कशाची तयारी करताना मी दुसरा पाहिला नाही.

तपासणी बॅडमिंटनच्या मैदानावर झाली. वुरीने गळ्यात शिट्टी अडकवली होती, तिचं काय काम होतं ते तिलाच ठाऊक. पहिली सायकल आमच्याच घरची आली. आमची मुलगी लारास सेमारांगला कॉलेजात असते, ती फेरीसाठी मुद्दाम आली होती आणि माझी जुनी सायकल घासूनपुसून तिने आणली होती. वुरीने वाकून पाहिलं आणि लाल स्टिकर चिकटवून मोकळी झाली.

"आई! अगं काय झालंय तिला?"

"पुढच्या चिमट्याला तडा गेलाय. उतारावर तुटेल."

"केसाएवढा तडा आहे! वेल्डिंग करून घेते."

"नाही."

"मग मी काय टाळ्या वाजवायला आले का सेमारांगहून?"

"वाजव टाळ्या. दात शाबूत राहतील."

लोक हसले. रुस्मान तर म्हणाले, बघा, घरच्यांनाही सोडत नाही, याला म्हणतात तपासणी. लारास पाय आपटत जाऊन पिंपळाच्या पारावर बसली आणि मला वुरीचा अभिमान वाटला. तो फार वेळ टिकायचा नव्हता.

थोड्या वेळाने गुरुजींची सायकल आली. चाकाची प्रत्येक तार चमकत होती. गुरुजी बाजूला हात मागे बांधून उभे राहिले, हेल्मेट घालूनच. वुरीने आधी सायकलला नमस्कार केला, मग टायर दाबून पाहिले, चेन पाहिली, घंटी वाजवली. सगळं चोख. मग तिने ब्रेकचा दांडा दाबला आणि सायकल पुढे ढकलली. मी जवळच होतो. चाक फिरलं. तिने पुन्हा दाबून पुन्हा ढकलली, आणि चाक पुन्हा आरामात फिरलं. ब्रेकचं रबर जुनं होऊन दगड झालं होतं. दिसायला अख्खं, रिमला टेकतही होतं, पण धरत मात्र काहीच नव्हतं. गुरुजींच्या ते लक्षात आलं नव्हतं, कारण ते सपाटीवर सावकाश चालवायचे, आणि उतार आला की त्यांच्या वडिलांच्या सायकलला त्रास नको म्हणून उतरून हातात धरून न्यायचे.

"कशी आहे, वुरी?" गुरुजींनी विचारलं. "काल तेल दिलंय. तुझ्या पत्रकाप्रमाणे सगळं केलंय बरं का."

वुरीने माझ्याकडे पाहिलं. मी कपाळावरचा घाम पुसायला लागलो. घाम नव्हता.

"छान आहे, पाक," वुरी म्हणाली. "एकदम छान."

आणि तिने हिरवा स्टिकर लावला. वर चिकटला की नाही म्हणून अंगठ्याने दाबलाही.

संध्याकाळी ती जेवायला बसली आणि सोयाबीनच्या तेम्पेचा तुकडा नुसता इकडून तिकडे सरकवत राहिली.

"मी काय केलं, मास?" नवऱ्याला आमच्याकडे 'मास' म्हणतात.

"स्टिकर लावलास."

"टोचून बोलू नका. तुम्हीही तिथेच होता की."

"मग आता जाऊन सांग. अर्ध्या गल्लीवर घर आहे."

"काय सांगू? पाक, तुमच्या वडिलांच्या सायकलमध्ये खोट आहे, असं? ज्या सायकलला ते फुलांची अंघोळ घालतात? आणि आधी चारचौघांत छान म्हणून झाल्यावर?" ती थांबली. "तुम्ही जा ना. पुरुष माणूस आहात."

मी म्हटलं, मला पातेलं घासायचंय. त्या दिवशी मी ते पातेलं इतकं घासलं की त्याच्यात तोंड दिसायला लागलं, आणि ते बघायची माझी इच्छा नव्हती.

शेवटी आम्ही दोघं रुस्मानकडे गेलो. रुस्मानला सगळं सांगितलं. त्यांना राग आला नाही, उलट त्यांचा चेहरा खुलला. अडचणीतून गोड वाट काढायची असली की या माणसाला चेव येतो.

"यात काय एवढं! गुरुजींना सायकलवर बसूच द्यायचं नाही. मान, तुझी पिकअप उघडी आहे ना? तिला फुलं लावू. गुरुजी सगळ्यांच्या पुढे, हातात झेंडा. फेरीचे मानकरी! त्यांचा मान राहील, सायकल घरी राहील, आणि कुणाला काही बोलायला नको."

"आणि त्यांच्या नावाच्या देणग्या?" वुरीने विचारलं.

"त्या मानकऱ्याच्या नावाने देतील लोक. मी बोलतो."

आमच्या छातीवरचा धोंडाच उतरला. घरी येताना वुरी कितीतरी दिवसांनी गुणगुणत होती. खोटं झाकायला सोन्याचं झाकण मिळालं होतं, मग आत काय आहे ते कशाला बघायचं?

आमंत्रण द्यायला मीच गेलो, शेंगदाण्याच्या वडीचा पुडा घेऊन. गुरुजी ओट्यावर सायकलच्या पिशवीत सामान भरत होते. पंप, पंक्चरचं सामान, कागदात गुंडाळलेले काय काय सुटे भाग. मी रुस्मानने पढवलेलं सगळं म्हणून दाखवलं. फेरीची शान, गावाचा मान, नव्या पिढीला आदर्श. गुरुजींचा हात पिशवीत तसाच राहिला.

"म्हणजे मी सायकल चालवायची नाही," ते म्हणाले.

"मानकऱ्याने कशाला दमायचं, पाक?"

त्यांनी पिशवीचं बक्कल लावलं. मग हसले. आमच्याकडे असं हसतात, त्याचा अर्थ काहीही असू शकतो.

"तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय ना? मग बरोबरच असेल. रुस्मानला माझे आभार सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटी वाजली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी वुरीला म्हटलं, विश्रांती घेत असतील, आता तयारी कशाला हवी? ती म्हणाली, हो, बरंच झालं. फेरीपर्यंत ती घंटी एकदाही वाजली नाही आणि आम्ही दोघंही त्याबद्दल पुन्हा बोललो नाही.

फेरीच्या दिवशी सकाळी मैदान माणसांनी फुललं होतं. लाउडस्पीकर खरखरत होता. कुणी रेघांच्या जुन्या जावानी सदऱ्यात, कुणी अंगाला चिकटणाऱ्या रंगीत कपड्यांत. तसल्या कपड्यांत पोट किती मोठं दिसतं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तेही भिडेपोटीच असणार. माझी पिकअप झेंडूने मढवून पुढे उभी होती. वुरी औषधांची पेटी मागे चढवत होती. तेवढ्यात तिने मान वर केली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

समोरून लारास येत होती. डोक्यावर पांढरं हेल्मेट, पट्टा हनुवटीखाली आवळलेला, आणि हातात गुरुजींची सायकल. दांड्यावर हिरवा स्टिकर. मागून गुरुजी चालत येत होते, इस्त्रीच्या सदऱ्यात.

"आई, बघ!" लारास ओरडली. "म्बाह विग्न्योंनी मला त्यांची सायकल दिली! म्हणाले, माणूस गाडीत बसेल, पण सायकल पोहोचली पाहिजे. आणि हिला काही म्हणू शकत नाहीस तू. तूच पास केलीस!"

गुरुजी जवळ आले. "तुला आधी विचारायला हवं होतं, वुरी. पण पोर इतकी हिरमुसली होती. आणि तुझा हिरवा स्टिकर म्हटल्यावर मला कसली काळजी?"

आता तरी बोलेल ना? पोटची पोर होती. मुंचुलचा उतार होता, त्याच्या तळाशी वळण, वळणावर ट्रक. वुरीने तोंड उघडलं. आजूबाजूला रुस्मान, मंडळाचे सभासद, गुरुजींचे जुने विद्यार्थी, सगळे कौतुकाने बघत होते. तिने तोंड मिटलं. मी तरी कुठे बोललो? मी ड्रायव्हरच्या दाराला टेकून उभा होतो.

मग वुरी म्हणाली, "थांब, हवा बघते," आणि मागच्या चाकाशी उकिडवी बसली. तिची पाठ लोकांकडे होती, पण मला तिचे हात दिसत होते. तिने व्हॉल्व्हची टोपी काढली. नखाने काहीतरी उचकटलं. फुस्स आवाज झाला आणि टायर बसला.

"अरेरे," वुरी मोठ्याने म्हणाली. "पंक्चर! आता कसं व्हायचं? लारास, राहू दे बाई, तू गाडीत बस."

हे बघून मला काय वाटलं ते सांगतो. मला हायसं वाटलं. स्वतःच्या मुलीचा जीव वाचवायलासुद्धा माझी बायको खरं बोलू शकली नाही, आणि मला हायसं वाटलं. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

"पंक्चर? एवढंच ना?" गुरुजी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. आठवडाभर तयार करून ठेवलेली पिशवी उघडायला त्यांना कारण मिळालं होतं. त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या आणि मातीत गुडघा टेकला. "पत्रकात लिहिलंय, पंप जवळ ठेवा. आम्ही ठेवलाय."

त्यांनी चाक फिरवून पाहिलं. टायरवर बोट फिरवलं. मग व्हॉल्व्हपाशी येऊन थांबले.

"वुरी," ते हळूच म्हणाले. "टोपी तुझ्या मुठीत आहे."

शाळेत कुणी खडू पळवला की ते असेच म्हणायचे. ओरडायचे नाहीत. वुरीने मूठ उघडली. तळहातावर ती इवलीशी टोपी घामाने चिकटली होती.

"हवा का सोडलीस?"

लाउडस्पीकरवरून रुस्मान सगळ्यांना रांगेत यायला सांगत होते. आमच्याभोवती आता कुणी नव्हतं, आम्ही चौघंच होतो.

"ब्रेक लागत नाही, पाक."

"कधीपासून?"

"मी तपासलं तेव्हाही लागत नव्हता."

गुरुजी उठले. त्यांनी दांडा दाबला आणि सायकल ढकलली. बसलेल्या टायरवरही चाक फिरलं. त्यांनी एकदाच पाहिलं, मग हिरव्या स्टिकरकडे पाहिलं, मग लारासकडे. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आणि मी ही या पोरीला दिली," ते म्हणाले.

"आई, तुला माहीत होतं?" लारासने विचारलं. "माझ्या सायकलला लाल लावलास, आणि हे माहीत होतं?" लारास माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्हालाही?" मी फुलांची माळ सारखी करायला लागलो.

गुरुजी परत खाली बसले. पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि उलगडली. आत ब्रेकची चार नवीन रबरं होती, काळीकुळकुळीत, अजून दुकानाचा वास असलेली.

मला राहवलं नाही. "पण पाक, ती जुनी... ती तुमच्या वडिलांच्या वेळची..."

"मान, रबर हे रबर असतं. वडिलांनी किती वेळा बदललं असेल, कोण जाणे." ते पान्ह्याने नट सैल करत होते. "सायकल त्यांची आहे. रबरं बाजारातली आहेत. कुणी म्हणालं असतं, तर त्याच दिवशी बदलली असती. बॅडमिंटनच्या मैदानावरच. ही पिशवीत होतीच."

नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. त्याच्याऐवजी आम्ही सभा घेतली, गाडी सजवली, वड्यांचा पुडा नेला, टायरची हवा सोडली.

वुरी त्यांच्या शेजारी मातीत बसली होती आणि रडत होती. "मला माफ करा, पाक. मला माफ करा."

"नाही, माफी मी मागायची," गुरुजी म्हणाले. ते तिच्याकडे बघत नव्हते, नटाकडे बघत होते. "मी तुला वाचायला शिकवलं, हिशेब शिकवला. माझ्यासमोर बोलायची मात्र तुला इतकी भीती बसवली, की पोरगी उतारावरून जाते आहे तरी तुझ्या तोंडून शब्द निघेना. हे मी कधी केलं, मला कळलंच नाही. तू मला माफ कर, वुरी."

त्यांनी ओरडायला हवं होतं. चार शिव्या द्यायला हव्या होत्या. मग आम्ही मान खाली घालून ऐकल्या असत्या आणि हिशेब मिटला असता. म्हाताऱ्या माणसाने मातीत बसून आपल्या विद्यार्थिनीची माफी मागायची, हे कुठे ठेवायचं माणसाने?

चारही रबरं बसली. व्हॉल्व्हला नवी नळी लावून त्यांनी हवा भरली. मग उठून बाजूला झाले.

"आता तपास."

वुरीने डोळे पुसले. दांडा दाबून सायकल ढकलली. पुढचं चाक थिजलं.

"कशी आहे?"

"छान आहे, पाक."

"तेव्हाही हेच म्हणाली होतीस."

वुरी पुन्हा वाकली, मागचा ब्रेक दाबला, पुन्हा दाबला. मग इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला पुढे सरकावं लागलं, "मागचा कमी धरतोय. उजवीकडचा नट... तुम्ही नीट आवळला नाहीत, पाक."

"हं," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी नट आवळला. मग पान्हा फडक्याने पुसत, अगदी सहज विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "म्हणजे मला गाडीत बसवायचं ठरलं, ते या ब्रेकमुळे?"

"हो, पाक."

"मी म्हातारा झालोय म्हणून नाही?"

"नाही हो, पाक! कुणाच्या मनातही नव्हतं ते."

गुरुजींनी पान्हा पिशवीत ठेवला. "माझ्या होतं. आठवडाभर," ते म्हणाले. "मला वाटलं, माझे पाय गेलेले सगळ्या गावाला दिसतायत, मला एकट्यालाच दिसत नाहीत. म्हणून मग मी सकाळी निघणंच बंद केलं."

टपरीवर न वाजलेली ती घंटी मला आठवली. विश्रांती घेत असतील, असं मीच म्हणालो होतो. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

लारासने डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांच्यापुढे धरलं. "म्बाह, आता ब्रेक लागतोय. तुम्हीच चालवा. मी टाळ्या वाजवते, मला येतात."

गुरुजींनी हेल्मेटकडे पाहिलं. हात पुढेही केला. वुरी आणि मी दोघंही मनातल्या मनात म्हणत होतो, घ्या, पाक, घ्या. तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला आणि रुस्मानचा आवाज आला, "आणि आता सर्वांचे लाडके, या फेरीचे मानकरी, आपले विग्न्यो गुरुजी, झेंडा घेऊन गाडीत विराजमान होतील!" लोक टाळ्या वाजवायला लागले, माना आमच्याकडे वळल्या.

गुरुजींनी हात मागे घेतला. गुडघ्यावरची माती झटकली, बाह्या खाली केल्या, बटणं लावली.

"आता मी सायकलवर बसलो तर रुस्मानचं तोंड कुठे राहील? आणि लोक विचारतील का. मग वुरीचं नाव निघेल." त्यांनी हेल्मेट परत लारासच्या डोक्यावर ठेवलं आणि पट्टा आवळून दिला. "तू जा, न्दुक, जा पोरी. उतारावर दोन्ही ब्रेक एकदम दाबू नकोस, आधी मागचा."

आणि ते पिकअपमध्ये चढले. चढताना मी हात द्यायला गेलो, पण त्यांना गरज पडली नाही. पाय अगदी ठणठणीत होते.

मी गाडी सावकाश काढली. समोरच्या आरशात मला मागचं दिसत होतं. झेंडूच्या माळांमध्ये गुरुजी झेंडा धरून ताठ बसले होते आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना हसून मान डोलवत होते. एकालाही काही कळलं नाही. त्यांच्यासमोर औषधांची पेटी मांडीवर घेऊन वुरी बसली होती. निघताना सायकलवरून तिने सोलून काढलेला हिरवा स्टिकर तिच्या बोटाला चिकटला होता, तो तिला निघता निघत नव्हता.

मुंचुलचा उतार लागला. मी दुसरा गिअर टाकला. मागे सायकली एकामागून एक उतरायला लागल्या आणि सगळ्यांच्या वर एक कर्कश आवाज यायला लागला. नवं रबर जुन्या रिमला धरत होतं. लारास दाबत होती, सोडत होती, दाबत होती. दर वेळी तो आवाज आला की गुरुजी हसणं थांबवून मागे वळून बघत, आणि वुरी पेटीवर कपाळ टेकवत होती.